चाचांच्या डब्यातला स्क्रू

दुरुस्तीला आलेली वस्तू कधीही पुरती परत न करणारा कारागीर अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका गेवराईत आमच्या शेजारी राहतो. आमचे रेडिओवाले चाचा दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूचा एक स्क्रू मुद्दाम काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवत. तक्रार केली की म्हणत, "समदे बसवले तर तुमी परत येताल कशापायी?" शिवाय कुठलंही यंत्र उघडण्याआधी ते त्याला अर्धा तास उन्हात बसवत. एकदा आईचा मिक्सर असाच उन्हात ठेवून हे नमाजाला गेले, तर परत येईपर्यंत शेजारणीनं त्यावर पापड वाळत घातले होते.

मागच्या उन्हाळ्यात मी वडिलांचा जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडे नेला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा. वडील शाळामास्तर, माझ्या लहानपणी त्यांनी त्यावर पाढ्यांचा प्रोग्राम लिहिला होता. वडील गेले, कॅसेट राहिली, पण कीबोर्ड मेल्यामुळे ती चालवता येईना. बदली कीबोर्ड मी पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणला होता. त्याची कागदासारखी पातळ पट्टी आतल्या खाचेत सरकवायची, काम एवढंच. पण पट्टी जुनी, टोक लगेच तडकलं. चाचांनी ते कात्रीनं सरळ कापून पुन्हा बसवलं. पुन्हा तडकलं.

"आता एकच डाव हाय बेटा. पट्टी लई आखूड झाली."

थरथरता हात दुसऱ्या हातानं धरून चाचांनी पट्टी सरकवली. बसली!

कॅसेट किरकिरली आणि पडद्यावर प्रश्न उमटला, सात सक किती? मी बेचाळीस दाबलं. उत्तर आलं, शाबास, आता खेळायला जा.

"मास्तरच बोलले की रे," म्हणत चाचांनी टोपीनं डोळे पुसले. मला तर हुंदकाच फुटला.

निघताना बघतो तर सगळे स्क्रू जागच्या जागी.

"चाचा, एक काढला नाही?"

"दुकान बंद करतोय आता. हात ऐकत न्हाईत. मी असन नसन, तुझं काम अडाया नको."

ते पाणी आणायला आत गेले तेवढ्यात मी एक स्क्रू काढून त्यांच्या डब्यात टाकला. कॉम्प्युटरचं झाकण एका कोपऱ्यात अजून हलतं. मी ते तसंच ठेवलंय.