मामांची अर्धी कंदुरी

लिहिणं हे माझं काम नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेपुरतं. तरी मामांची ही गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, नाव तेवढं घालू नको.

मामा धारूरच्या डोंगरात मेंढरं राखतात. त्यांना एचआयव्ही आहे. सरकारी दवाखान्यातली गोळी ते नेमानं घेत. त्यांच्यामुळेच मी या विषयाकडे वळलो. पुण्यात मी ज्या प्रयोगशाळेत संशोधन शिकतो, तिथे गोळ्या चालू असतानाही शरीरात दडून राहणाऱ्या विषाणूवर काम चालतं. काही पेशींत तो निपचित पडून असतो. त्याला गाठून कायमचं कसं संपवायचं, हे अजून कोणाला नीट जमलेलं नाही.

उन्हाळ्यात घरी गेलो, तर मामांच्या दारात मांडव. कंदुरी होती, म्हणजे नवस फेडायला बोकड कापून गावाला जेवण. तपासणीत विषाणू आढळला नाही, असं कळलं होतं. मामांना वाटलं, आपण बरे झालो. त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या.

पंगत उठल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं.

"मामा, गोळी सोडू नका. त्यो गेला न्हाई, दडलाय."

"आरं, डाक्टरच म्हनले, दिसत न्हाई. मग कावून खायची? आन् देवाचं फेडल्यावर गोळी घ्यायची म्हंजे देवाला खोटं पाडायचं का?"

"गोळीमुळंच दिसत न्हाई. ती थांबली की त्यो परत उठतो."

"मग तुमी एवढी शिकलेली मानसं तितं काय करताय बे? काढा की त्याला भाईर!"

"तेच करतोय," मी चाचरत म्हणालो. "अजून जमलं न्हाई."

मामी खरकटी भांडी गोळा करत होती. ती मध्येच म्हणाली, "मग ही अर्धी कंदुरी धरा. दिसंना झाला, त्याची. पार जाईल तवा उरलेली देऊ. देवाला काय घाई हाय व्हय?"

मामा हसून म्हणाले, "म्हंजे अजून एक बोकड गेला म्हना की!"

गोळी घेतो, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मी पुण्याला परतलो. ते परत सुरू करतील का, केली तर पूर्वीसारखी लागू पडेल का, ही धास्ती मनात होती. सूक्ष्मदर्शकातून त्या शांत पेशींकडे बघताना 'काढा की भाईर' ऐकू यायचं. पण त्या बोलण्यानं हुरूपही यायचा. कोणीतरी आपल्या कामाची वाट बघतंय, असं वाटायचं.

फोन आला तो पावसाळा सरता सरता, डोंगरावरून. मागे मेंढरं ओरडत होती.

"भाच्या, तपासनी झाली. परत दिसंना झालाय त्यो. गोळी चालू हाय, भिऊ नगं. आन् ऐक, बोकड राखून ठिवलाय. लई माजलाय. तुमी तितं जरा भराभरा हात उचला."