सोपानरावांचे लहरी यंत्र

चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी भजनी मंडळ जमते. भजनाआधी चहा, आणि चहाबरोबर एखादा किस्सा, हा आमचा नेम. किस्सा शिळा झाला की पुढच्या गुरुवारी कोणीतरी त्याला नवे शेपूट लावतो, आणि असे करता करता त्यांचा ढीग होतो. अलीकडचे आमचे सारे किस्से मात्र एकाच यंत्राभोवती गोळा झालेले आहेत. त्यांतला एकही ऐकताना माझे तोंड मिटलेले राहिले असेल, तर शपथ!

*

सोपानराव येळवंडे मूळचे कुरुळीचे. चाकणच्या एका कारखान्यात क्रेनच्या देखभालीत त्यांचा जन्म गेला. त्यांची सून प्राजक्ता मोटारींच्या किल्ल्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. एका गुरुवारी सोपानरावांनी टाळांच्या पिशवीतून पानाच्या डबीएवढे एक यंत्र काढले आणि माझ्या पेटीवर ठेवले.

"बुवा, सूनबाईचं हाय. हवेतलं बोलणं दिसतं ह्यात."

त्यांनी कळ दाबली. इवल्याशा पडद्यावर रेघा नाचू लागल्या. कोणाच्या गाडीची किल्ली, कोणाची बिनतारी घंटा, कोणाच्या पंख्याचा रिमोट! हॉलमध्ये तर चिटपाखरू बोलत नव्हते. मी हादरलोच. ज्या शांततेत आपण डोळे मिटून नाम घेतो, ती शांतता एवढी गजबजलेली?

"म्हणजे आपण ध्यानाला बसतो तेव्हाही हे चालूच असते?" मी विचारले.

"चालूच! निस्तं तुमचंच बंद असतं," सोपानराव म्हणाले.

*

पुढच्या गुरुवारी मी प्राजक्तालाच बोलावून घेतले. म्हटले, "मुली, हवेतून शब्द जातो कसा, ते मला समजेल असे सांग."

ती पेटीशेजारी बसली. "काका, काळी एक धरा. सोडू नका."

मी सूर धरला.

"हा झाला वाहणारा सूर. नुसता. यात निरोप नाही. आता सूर तोच ठेवा, पण भाता कमी-जास्त दाबा. आवाज लहान, मोठा, लहान. झालं! निरोप आवाजाच्या लहान-मोठं होण्यात बसला. याला म्हणतात एएम."

"आणि दुसरे?"

"आता आवाज सारखा ठेवा आणि गळ्याने तोच सूर किंचित वर-खाली हलवा. निरोप सुराच्या हलण्यात बसला. हे एफएम."

मग तिने टाळ उचलला. टाळ वाजला, थांबला, वाजला, थांबला. "आणि गेटचा रिमोट असा बोलतो. आहे, नाही, आहे, नाही. बस."

मी थक्क झालो. उभा जन्म पेटीपुढे गेला, आणि बोटांखाली काय चालले आहे याचा पत्ता नव्हता! माझे डोळे पाणावण्याच्या बेतात होते, इतक्यात सोपानरावांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजी बुवा, वरच्या पट्टीत तुमचा सूर हलतो, ती चूक न्हाई. एफएम हाय!"

*

प्राजक्ताची सासऱ्यांना एकच अट होती. "बाबा, यंत्राने फक्त ऐकायचं. ऐकलेलं परत हवेत सोडायचं नाही."

सोपानरावांनी मान डोलावली आणि त्याच दुपारी भलतीच कळ दाबली. यंत्राने टिपून ठेवलेली घंटा हवेत गेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या इंदूताईंच्या दारावर वाजली. इंदूताई दत्तभक्त. दार उघडले, कोणी नाही. सोपानराव कळ बंद करायला गेले, घंटा पुन्हा वाजली. पुन्हा कोणी नाही! दारी आलेला न दिसता परत चालला, तो कोण, याविषयी इंदूताईंच्या मनात शंका उरली नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेर पाट मांडला, रांगोळी रेखली आणि केळी घातलेल्या शिऱ्याची वाटी ठेवली.

हे सारे सोपानरावांनी जिन्यातून पाहिले, आणि संध्याकाळी आम्हाला सांगितले.

"अहो, मग जाऊन खरे सांगायचे नाही का त्यांना?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सांगाया गेलो व्हतो ना बुवा. दार लावल्यालं. मग शिरा वाया कसा घालवायचा?"

*

कुरुळीला सप्ताह होता. महाराजांच्या हाती बिनतारी माइक. रस्त्यापलीकडच्या कार्यालयात लग्न. महाराज रंगात आले होते. समोर माणसे डोळे पुसत होती. महाराजांनी स्वर उतरवून विचारले, "अंतकाळी या जिवाला काय ऐकू येतं?"

कर्ण्यांतून दणदणीत आवाज आला, "मठ्ठा संपलाय! वराकडच्यांनी जरा दम धरा!"

पुढे बसलेल्या एका आजींनी तर हात जोडले!

मला वाटले, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळायला हवे होते. प्राजक्ताने यंत्र पाहून समजावले, "काका, दोन्ही माइक हवेत एकाच वाहणाऱ्या सुरावर बोलताहेत, आणि दोन्ही एफएम. तिथे मिसळणं फारसं होत नाही. ज्याचा जोर जास्त, तोच ऐकू येतो. दुसरा पुसला जातो."

कीर्तन पुसले गेले आणि मठ्ठा उरला, हे मला आजही सोसत नाही.

*

आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रे पुजतात. माणूस निवृत्त झाला तरी हाताची सवय जात नाही. सोसायटीत प्रत्येकाने पाने-पक्कड, गाडीच्या किल्ल्या, मोबाईल असे काय काय देवापुढे मांडले. अध्यक्ष तापकीरांकडे मी प्रसादाला गेलो, तर विठ्ठलाच्या पायाशी गेटचा रिमोट! त्यावर हळद, कुंकू, झेंडूचे फूल.

"अहो, हे कसले शस्त्र?" मी चकित होऊन विचारले.

"अध्यक्षाचं हेच शस्त्र, बुवा," तापकीर म्हणाले.

दसऱ्यानंतर त्यांचे ते शस्त्र हरवले. त्यांनी नवा रिमोट करून घेतला आणि विषय संपला.

*

विषय संपला नव्हता. त्यानंतर सकाळच्या वेळी सोसायटीचे गेट आपोआप उघडू लागले. एकदा म्हशी आत आल्या आणि तुळशी खाऊन गेल्या. एकदा एका मुलीची स्कूटर गेली. तापकीरांनी पहारेकरी बालाजीला बोलावले. बालाजी लातूरकडचा. गेटलगतच्या खोलीत बायको आणि मुलीसह राहतो. नोकरी गेली की खोली गेली, खोली गेली की मुलीची शाळा गेली.

"गेट आपोआप उघडत नसतं," तापकीर म्हणाले. "कुणाचं तरी बोट लागतंच. महिनाअखेर दुसरीकडं बघ."

"मालक, म्या हात बी लावलो न्हाई बगा! लेकराची आण!"

मुलीची आण कानावर पडली आणि मला राहवले नाही. मी प्राजक्ताला गाठले. ती म्हणाली, "काका, गेटचा रिमोट दर वेळी तेच बोलतो. गाडीच्या किल्लीसारखं दर वेळी नवं नाही. बोलला की मी ओळखीन. आणि जितकं जवळ जाऊ, तितकी लहर उंच."

पहिल्या सकाळी आम्ही गेटपाशी थांबलो. बालाजी समोर चहा पीत होता. पडद्यावर टाळ वाजल्यासारखी बुटकी लहर उठली आणि गेट सरकले.

"रिमोट त्याच्या खिशात असणार," तापकीर म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आमच्याच इमारतीच्या जिन्यात उभे राहिलो. लहर दुप्पट झाली. तिसऱ्या सकाळी तापकीरांच्या मजल्यावर, तर ती पडद्याबाहेर!

"शेजारचे भाडेकरू!" तापकीर कुजबुजले. "उद्या माझ्या घरात बसू, भिंतीला लागून. आणि बालाजीला गेटपासून दूर, दोन्ही हात वर करून उभा करतो. म्हणजे शंकाच नको."

चौथ्या सकाळी आम्ही त्यांच्या बैठकीत बसलो. प्राजक्ताने यंत्र भिंतीकडे धरले. तापकीर भिंतीला कान लावून होते. कोपऱ्यात सुलभावहिनींची पूजा चालली होती. पितळेचा विठ्ठल त्यांनी न्हाऊ घातला, पुसला, गंध लावले. मूर्ती उभी आणि अरुंद, कलंडते म्हणून रोज दोन्ही हातांनी जोर देऊन बसवावी लागते. खंडेनवमीपासून देवाखालचे लाल वस्त्र जरा उंचच लागत होते, पण घडी जाड झाली असेल, असे त्यांना वाटत होते.

वहिनींनी देव वस्त्रावर ठेवला आणि दाबला.

प्राजक्ताच्या हातातले यंत्र किंचाळल्यासारखे उजळले. खाली गेट धडधडत सरकले. तापकीरांचा कान भिंतीलाच चिकटलेला राहिला. विठ्ठल कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहत होता.

आणि खालून बालाजीचा आवाज आला, "मालक, उघडलं बगा! माजे दोनी हात वरच हायत! आता खाली घेऊ का?"