चादरीचं दुसरं टोक

"तुम्ही डोंगरना लोके मोळ्या उचलतस ना? मंग तुले दुसरी बाई कसाले लागस?"

इन्चार्ज सिस्टर भर वॉर्डात हे बोलली. लकवा झालेल्या आजोबांची कूस बदलायची होती. अंगाखालची चादर दोघींनी दोन्हीकडून धरायची, एकदम उचलायची, मग वळवायचं. मी एवढंच म्हणाले होते, कुणीतरी हात लावा. काउंटरवरच्या साऱ्या हसल्या. आजोबांचे नातेवाईक हसले. आणि मीसुद्धा हसले. त्याचा राग मला अजून येतो. हसून झाल्यावर मी त्यांना एकटीनेच ओढून वळवलं.

मी अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली. घरात आमची भिली, शाळेत मराठी, शहाद्याच्या या दवाखान्यात सगळ्यांची अहिराणी. तीन भाषा येतात, पण ड्युटीभर बोलायला कुणी नाही. डोंगरातला पेशंट आला की हाक यायची, "तुन्हा लोके उनात," तुझी माणसं आली म्हणून. तेवढ्यापुरती मी आठवायची.

नोकरी लागली तेव्हा सुट्टीतही मला पेशंट आठवायचे. अमक्याचा ताप उतरला असेल का. पुढे पुढे मी घड्याळाकडे बघत काम उरकायला लागले. नर्सला माया हवी म्हणतात. असते हो माया. पण शेजारी उभं राहणारं कुणी नसलं की तीही आटते.

एका सकाळी अंग पुसताना दिसलं, आजोबांच्या पाठीची साल निघाली होती. एकटीने ओढायचं म्हणजे पाठ चादरीवर घासणारच. वाळीत टाकलं होतं मला, आणि सोसत होते ते. आजोबांना बोलता येत नव्हतं. नुसते बघत होते.

मी चादरीचं एक टोक धरलं आणि उभी राहिले. हाक मारली. कुणी हललं नाही. इन्चार्ज म्हणाली, कर ना, रोज करतेस. तेव्हा मी बोलले.

"मोळी बांधली तरी डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतो, सिस्टर. आमच्याकडे तो मागावा लागत नाही."

आता कुणी हसलं नाही. आजोबांची लेक बिचारी उठून टोक धरायला आली. मी तिला खाली बसवलं. ताई, तुम्ही नाही, हे आमचं काम आहे. हात भरून आले तरी मी टोक सोडलं नाही. शेवटी इन्चार्ज आली. माझ्याकडे न बघता तिने पलीकडून चादर धरली. दोघींनी उचलली. आजोबा अलगद वळले.

त्या दिवशीही डबा मी एकटीनेच खाल्ला. आजही एकटीच खाते, हे खरं आहे. माझ्याशी बोलू नका, शेजारी बसवू नका. पण पलंगाच्या पलीकडे तुम्हाला यावंच लागेल. मी पेशंटला एकटीने ओढणार नाही. याल तोवर हाका मारीन, साऱ्या वॉर्डाला ऐकू जातील अशा.