चाचणीच्या पानावरचा देव
इतिहासाच्या मॅडमचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचा वास आला की त्या आठवतात. आरमोरीच्या कॉलेजात चाचणीला प्रश्न होता, इंग्लंडच्या राजाने धर्म बदलल्यावर लोकांनी काय केलं? राजाच्या माणसांच्या भीतीने त्यांनी चर्चमधल्या मूर्ती लपवल्या, असं मी लिहिलं. उत्साहाच्या भरात आमच्या गावाचा देव जंगलात कोणत्या झाडाच्या ढोलीत ठेवतात, तेही लिहून गेलो. ती जागा गावाबाहेर कुणाला सांगायची नसते. घरी हे ऐकून वडिलांचा घास हातातच राहिला. "देव चोरीले गेला तं गावाले काय सांगशीन? पान घेऊन ये, नाई तं घरी येऊ नको." सकाळी मी मॅडमपुढे जाऊन उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बघत उभा राहिलो. "काय पाहून राह्यला रे?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी गठ्ठ्यातून माझं पान काढलं, न वाचता माझ्या हातात दिलं आणि कोरा कागद पुढे केला. "आता फक्त इंग्लंड लिही." पदवी मिळाल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं: "मॅडम, मी पास झालो. बाबांनी तुम्हाला देवाच्या पूजेला बोलावलं आहे. वाट पत्रात लिहीत नाही, घ्यायला मीच येईन."