टाइम झाला, पेन खाली

तिकिटाला भोक पाडायचा चिमटा कानाशी टिकटिक वाजायचा आणि पाठोपाठ आवाज यायचा, "टाइम झाला. पेन खाली." गणित अर्धवट राहिलेलं असो की नुसतं उत्तर लिहायचं उरलेलं असो, कागद हातातून जायचाच. "काका, एकच ओळ राहिली," म्हटलं की ठरलेलं बोलणं, "गाडी कुणासाठी थांबत न्हाई."

काका एसटीत कंडक्टर होते आणि परभणीत आमच्याच गल्लीत राहायचे. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा गल्लीत फक्त त्यांच्याकडे. तो कुठून जमवला म्हणाल, तर गाडीतून. औरंगाबादच्या केंद्रावर परीक्षा देऊन पोरं परतीला बसली की काका तिकिटाआधी पेपर मागायचे. "झाला ना तुमचा? द्या मंग. आमच्या पोरायला कामाला यील." पेपर अवघड गेलेली पोरं तो खुशीने देऊन टाकायची. रविवारी काका आम्हाला ओसरीवर बसवून तेच पेपर सोडवायला लावायचे. स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नसे, आकृती उलटी धरून कौतुकाने बघत बसायचे. वेळेला मात्र कडक.

हा माणूस मुळात असा नव्हता, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. लांबून कुणी पळत येताना दिसलं की बेल न देता थांबून राहणारा हा कंडक्टर. ड्रायव्हर त्यांच्या नावाने खडे फोडायचे.

गठ्ठा जमवला होता तो मुलासाठी, दिलीपसाठी. दिलीप आमच्यापेक्षा दोन इयत्ता पुढे आणि पुष्कळच हुशार. गठ्ठ्यातले सगळे पेपर त्याने सोडवून टाकले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशीच त्याने औरंगाबादला जाऊन राहावं, असं त्याची आई म्हणत होती. काका म्हणाले, "घरची गाडी असताना मुक्काम कशाला? पहाटं माझ्यासंगं यील."

त्या पहाटे चारठाण्याच्या फाट्यावर एक बाई तापलेलं लेकरू कडेवर घेऊन शेतातून हाका मारत येत होती. काकांनी गाडी थांबवली. बांधावरून यायला तिला बराच वेळ लागला. पुढे रस्त्यात बैलगाड्या आडव्या लावलेल्या. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, रस्ता रोको नुकताच सुरू झालेला. जरा आधी पोचले असते तर निघून गेले असते. दिलीप केंद्रावर पोचला तेव्हा फाटक बंद झालं होतं.

परतीच्या गाडीत परीक्षा दिलेली पोरं चढली. काकांनी त्यातल्या एकाकडून पेपर मागून घेतला. दिलीप मागच्या सीटवरून खिडकीबाहेर बघत होता.

तो बापाला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. "पुढच्या साली पुन्ना बस," म्हणून काकांनी त्याच्या विनवण्या केल्या. दिलीप पुण्यात एका कारखान्यात लागला. दिवाळीला यायचा, आईशी बोलायचा आणि जायचा. तेव्हापासून काका आम्हा धाकट्यांना घेऊन बसू लागले आणि चिमटा वाजू लागला.

हुकलेला पेपर गठ्ठ्यात सगळ्यात वर असायचा. मी एकदा त्याला हात घातला, तर काकांनी माझं मनगट धरलं. "तो न्हाई. तो दिल्याचा हाय. बसंल कवातरी."

काका गेले ते भर उन्हाळ्यात. दिवसकार्य उरकल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, तर दिलीप ओसरीवर आमच्या जागी बसलेला. मांडीवर तो पेपर, हातात पेन्सिल.

"येतंय का?" मी विचारलं.

"काईच येत न्हाई रे."

तरी तो पेन्सिल खाली ठेवीना. पहिल्याच गणितावर वाकून बसला होता. कागदावर टिपं पडली की बाहीने पुसायचा आणि पुन्हा वरून वाचायला लागायचा.

ओसरीवरचं ऊन उतरलं. वेळ केव्हाच संपली होती. चिमटा खिडकीत, माझ्या हाताशीच होता. मी तो वाजवला नाही.