उरणकडची बाजू

आमच्या उरणकडच्या गावात कुणी काही नवं केलं की त्याचा फ्लेक्स लागतो. दहावी पास झाला, फ्लेक्स. ट्रेलर घेतला, फ्लेक्स. कुत्र्याचा वाढदिवस, तरी फ्लेक्स. त्यामुळे आम्ही सहकुटुंब क्रूझवर जाणार म्हटल्यावर आमचाही लागेल, हे मला कळायला हवं होतं. तरी त्या सकाळी पनवेलहून माहेरी आले, नाक्यावर रिक्षातून उतरताना वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. फ्लेक्सवर माझा थोरला भाऊ, आमचा दादा, काळा गॉगल लावून हात जोडून उभा होता. मागे कुठल्यातरी परदेशातला निळाशार समुद्र, आणि बाजूला आई, बाबा, वहिनी, दादाची दोन पोरं आणि मी. माझा फोटो माझ्या लग्नातला होता. नवऱ्याला रजा नव्हती म्हणून त्याला त्यातून कापून काढलं होतं, पण त्याचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता.

'सागरी सफरीस हार्दिक शुभेच्छा,' असं खाली लिहिलेलं. जणू आम्ही नवा देश शोधायला निघालो होतो. खरं तर आमची क्रूझ कुठेच जाणार नव्हती. मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रात फिरायचं आणि परत मुंबईलाच यायचं. मी दादाला म्हटलं, "अरे, समुद्रच बघायचा तर आपल्या गच्चीवरून दिसतो की." तो म्हणाला, "तू बँकेतच बस. तुला लाइफ काय कळणार?" दादाच्या तोंडून 'लाइफ' हा शब्द हल्ली फार येतो. वहिनीने रील बघायला सुरुवात केल्यापासून तो घरात साथीसारखा पसरला आहे.

या सगळ्या तमाशात खरोखरची इच्छा एकट्या बाबांना होती. ती लहानशी होती आणि त्यांनी ती सगळ्यांना सांगून ठेवली होती.

बाबांचं आणि आत्याचं लहानपण मिठागरात गेलं. आता तिथे कंटेनरचं बंदर आहे. पण तेव्हा बांधावर उभं राहिलं की लांबून जाणारी बोट दिसायची. टोपल्या खाली ठेवून ही दोघं भावंडं तिला हात करायची. रोज, प्रत्येक बोटीला. "इतकी वर्सं आमी हात केला," बाबा म्हणायचे, "पन एकानंबी परत केला न्हाय." पुढे मिठागर गेलं, बाबा ट्रेलर चालवायला लागले आणि जन्मभर त्याच जहाजांसाठी कंटेनर वाहत राहिले. जहाजावर पाय मात्र कधी ठेवला नाही. आता ठेवणार होते, आणि त्यांना एवढंच करायचं होतं की जहाज आपल्या किनाऱ्यासमोरून जाताना कठड्याशी उभं राहून आत्याला हात करायचा. आत्यालाही दादाने चल म्हटलं होतं. पण तिचे गुडघे गेलेले. "मी किनाऱ्यावर येईन," ती म्हणाली, "पन तू उजेड हाय तवर ये. माझ्या डोल्यांना अंधारात न्हाय दिसत."

म्हणून त्या दिवशी निघताना सगळं गाव दारात आलं असलं, तरी बाबांचं लक्ष फक्त उन्हाकडे होतं. आईने सगळ्यांची दृष्ट काढली. वहिनीने सगळ्यांना एकसारखे पिवळे टी-शर्ट वाटले. पाठीवर 'फॅमिली क्रू' असं छापलेलं. बाबांनी तो शर्टावरून चढवला आणि आत्याला विचारलं, "बाय, या पिवल्यात मी लांबून दिसन ना?" आत्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि दिसशील म्हणाली. ती तेव्हा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

बाबांचं म्हणणं होतं, मोरा बंदरातून लाँचने जावं. दादाला ते पटेना. क्रूझला लाँचने जायचं म्हणजे विमानतळावर बैलगाडीने जाण्यासारखं, असं त्याचं मत. मग हार घातलेल्या तीन गाड्या नव्या पुलावरून हॉर्न वाजवत मुंबईला गेल्या. आम्ही सातजण असून तीन गाड्या का, हे विचारायचं नसतं. पोचवायला आलेली माणसं जास्त होती.

बंदरावरच्या त्या काचेच्या इमारतीसमोर उतरलो आणि दादाने पिशवीतून नारळ काढला. आमच्याकडे नवी गाडी नारळ फोडल्याशिवाय आणि चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय दारातून हलत नाही. दादाच्या ट्रेलरच्या धंद्यात तर ड्रायव्हर लायसन विसरेल, पण लिंबू विसरणार नाही. जहाज म्हणजे त्याच्या लेखी जरा मोठा ट्रेलर. त्याने पायरीवर नारळ आपटला, पाणी शेजारच्या एका गुजराती कुटुंबाच्या चाकाच्या बॅगांवर उडालं आणि सिक्युरिटीवाला धावत आला. दादा शांतपणे म्हणाला, "शुभ असतं. तुमच्याच जहाजासाठी केलंय." सिक्युरिटीवाल्याने हातात खोबरं घेतलं, काय करावं ते न कळून खाल्लं, आणि मग आमच्यावर ओरडला. लिंबांचं काय करायचं हा प्रश्न उरला. जहाजाला चाकं नसतात हे दादाच्या तिथे पहिल्यांदाच ध्यानात आलं असावं.

आत रांग होती. रांगेत सगळा महाराष्ट्र आणि अर्धा गुजरात उभा होता, आणि प्रत्येक कुटुंबाचे टी-शर्ट एकसारखे होते. लाल कुटुंबं, हिरवी कुटुंबं, चमकी लावलेली कुटुंबं. एकंदरीत शाळेच्या क्रीडास्पर्धा वाटत होत्या. जहाज अजून दिसलंही नव्हतं, तरी एक कुटुंब गरबा खेळायला लागलं होतं. बॅगा मशिनमधून जायला लागल्या आणि आईची बॅग अडली. आत सुकटीच्या चटणीचा डबा. बाहेरचं खाणं नेता येत नाही, असं सिक्युरिटीवाली सांगत होती. आई म्हणाली, "खाणं नाही ते, औषध आहे. परक्या अन्नाने माझं तोंड जातं." त्या बाईने झाकण उघडलं आणि मागची रांग आपोआप चार पावलं मागे सरली. झाकण लावून ती घाईघाईने म्हणाली, "ठीक आहे, जा." आईला अजूनही वाटतं की तिच्या युक्तिवादाचा परिणाम झाला.

या सगळ्यात बाबा माझ्या शेजारी उभे राहून एकच विचारत होते, "कवा सुटंल गो?" मी म्हणत होते, सुटेल बाबा, वेळ आहे. खरंच वेळ होता. ऊन चांगलं होतं.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर मात्र मीही हरखून गेले, हे कबूल केलं पाहिजे. काचेची लिफ्ट, मधोमध लटकलेलं झुंबर, जाजम इतकं मऊ की आईने चपला काढून हातात घेतल्या. पोरं किंचाळत पळाली. वहिनीने त्याच जिन्यावरून पुन्हा पुन्हा उतरून दाखवलं, कारण रीलमध्ये तिचा पदर नीट येत नव्हता. बाबांनी एका खांबाला हात लावून पाहिला. "लोखंड हाय," ते खुशीत म्हणाले. आणि मग, "उरनकडची बाजू कनची?"

मी एका गणवेशातल्या मुलीला विचारलं. डावीकडची, ती म्हणाली. बाबा लगेच डेकवर जाऊन डावीकडच्या कठड्याशी उभे राहिले. तेवढ्यात स्पीकरवर सूचना झाली. सुरक्षेची कवायत होती. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या हॉलमध्ये जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं, आणि सगळे जमल्याशिवाय जहाज सुटणार नाही. बाबा मुकाट्याने हॉलमध्ये आले. आई आली, वहिनी पोरांना ओढत आली. दादा काही आला नाही.

आता क्रूझवर जेवण फुकट असतं, म्हणजे आधीच पैसे भरलेले असतात. आपल्या माणसाला हे कळलं की त्याचं काय होतं, ते त्या दिवशी जहाजाच्या कप्तानालाही कळलं असेल. अर्ध्याहून जास्त प्रवासी बुफेवर होते. स्पीकरवरून पहिली विनंती झाली, मग दुसरी. मग खोल्यांचे नंबर वाचायला सुरुवात झाली. आमच्या खोलीचा नंबर दोनदा आला. हॉलला खिडक्या नव्हत्या. बाबा केशरी जॅकेट घालून खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि दर थोड्या वेळाने मला विचारत होते, "भायेर उजेड हाय ना?" मला दादाचा असा संताप आला की काय सांगू. मी उठून बुफेवर गेले. तो पास्त्याच्या रांगेत होता, एका हातात जिलबीची ताटली.

"तुझ्यामुळे जहाज थांबलंय," मी म्हटलं.

"माझ्याशिवाय सुटणार नाही ना? मग घाई कसली?" तो म्हणाला.

मी ताटली त्याच्या हातातून काढून घेतली. तो आला, पण त्याच्यासारखे पुष्कळ होते आणि प्रत्येकाला आणायला बहीण नव्हती. जहाज सुटलं तेव्हा सूर्य बुडाला होता.

सगळे डेकवर धावले, उजव्या बाजूला, मुंबईकडे. तिकडे दिवे लागत होते, डीजे वाजत होता, प्रत्येकाला गेटवे ऑफ इंडियाला पाठ दाखवून फोटो काढायचे होते. डाव्या बाजूला बाबा आणि मी, आणखी कुणी नाही. जॅकेट काढायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. समोर करड्या पाण्यापलीकडे डोंगराची काळी रेघ, तिच्या पायथ्याशी गॅसच्या कारखान्याची ज्योत आणि काही पिवळे ठिपके. त्या ठिपक्यांत आमचं गाव कुठलं, ते मला सांगता आलं नसतं. बाबांना येत होतं. त्यांनी हात वर केला आणि हलवायला लागले. आधी एक, मग दोन्ही. डीजेवाल्याला वाटलं हे नाचतायत, तो स्पीकरवरून ओरडला, "अंकल, कम ऑन!"

ते कितीतरी वेळ हात हलवत होते. मग हळूच खाली घेतले. "गेली असंल घरी," ते म्हणाले. "कोन थांबंल एवढा येल? तिला दिसत बी न्हाय." मी आत्याला फोन लावत होते, तो लागत नव्हता. बाबा कठड्याला टेकून बसले. मला रडू आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

तेवढ्यात दादा आला. हातात फोन, तोंडभर हसू. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. किनाऱ्यावर सगळं गाव जमलेलं, बायका, पोरं, बेंजोवाले सुद्धा. पुढे वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्या. संधिप्रकाशात लांबून एक मोठं जहाज जात होतं. आत्या खुर्चीचा आधार घेऊन उठली आणि हात करायला लागली. तिच्या मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "ते न्हाय गो ते. कंटेनरवालं हाय." लगेच दुसरा आवाज आला, "गप. हलवू दे तिला हात." मग सगळ्या गावाने हात वर केले. इतक्यात त्या जहाजाने कशासाठी तरी भोंगा दिला, लांबलचक. आत्या वळून कॅमेऱ्याकडे बघत ओरडली, "आयकला? माझा भाव हाय तो!"

"हे बघ, येडे!" दादा हसत होता. "मालवाहू जहाजाला हात करतायत. थांब, सांगतो त्यांना." तो टाइप करायला लागला.

बाबांनी हात पुढे केला. "दे इकडं."

त्यांनी व्हिडिओ परत लावला. पूर्ण बघितला. मग दादाने लिहिलेलं पुसायला लावलं आणि आत्याला फोन जोडून मागितला. या वेळी तो लागला. आत्या नेहमीसारखी इतक्या मोठ्यांदा बोलत होती की सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"आयकला रं! सगल्या गावानं आयकला! तूच वाजीवलास ना?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा कठड्याकडे बघत होता. त्याचं हसू गेलं होतं.

"व्हय," बाबा म्हणाले. "मीच सांगितला कप्तानाला. बोल्लो, माझी भन हुबी हाय किनाऱ्यावर."

"मंग येताना बी वाजवाला सांग. मी येऊन बसन."

"सांगतो बाय."

फोन बंद करून त्यांनी तो दादाला दिला. जॅकेटचे पट्टे सोडले, ते नीट घडी करून माझ्या हातात ठेवलं, टी-शर्ट खाली ओढून सारखा केला आणि मला विचारलं, "कप्तान कुठं बसतो गो?"