माधुरीच्या निबंधाची शेवटची ओळ

आज दुपारपासून एक गोष्ट मनात सलते आहे, ती तुम्हाला सांगते.

आमच्या तिरोड्याची माधुरी नर्स आहे. परदेशातल्या नोकरीसाठी तिला इंग्रजीची परीक्षा पास व्हायची आहे. मी इंग्रजीत एम.ए. झालेली, म्हणून तीन महिने ती रोज निबंध लिहून मला फोटो पाठवायची. चुका आणि नवे शब्द मी सांगायचे, असं ठरलं होतं.

आज ती निकाल घेऊन आली. लेखनात थोडक्यात राहिली.

"असं कसं? तू तर छान लिहीत होतीस!"

"ताई, बोदलकसा तलावावरचा निबंध उघडा. शेवटची ओळ वाचा."

उघडला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'ताई, इथपर्यंत वाचलं असेल तर मला फोन करा.' फोटोखाली मी पाठवलेला 'लाइक'चा अंगठा होता आणि 'व्हेरी गुड'.

"तेव्हाच काऊन नाही बोललीस?"

"तुमी फुकट शिकवून राहिल्या होत्या. कायले बोलू?"

चुका दाखवून तिचं मन मोडायला नको, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला कंटाळा आला होता. चार ओळी वाचून मी अंगठा देत होते.

ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे. संध्याकाळी नवा निबंध आला. अकरा चुका निघाल्या. शेवटी माझ्यासाठी काही लिहिलेलं नव्हतं, तरी फोन केला.

"आज वाचला वाटते," ती हसली.

तुम्हीही कुणाला न वाचताच 'छान' म्हणता का?